जांगड आणलेली केबल

जांगड हा शब्द तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलाय? दुकानातून माल घरी न्यायचा, बघायचा, पटला तर पैसे द्यायचे, नाही पटला तर ठरलेल्या दिवसांत परत करायचा, अशा बोलीवर आणलेला माल म्हणजे जांगड. आमच्या लहानपणी इंदुरात लग्नसराईला कापडाच्या दुकानातून दहा-बारा साड्यांचा गठ्ठा असाच घरी यायचा. आजी, काकू, मामी गोल करून बसायच्या, दोन साड्या ठेवून घ्यायच्या, बाकीच्या घडीसकट परत जायच्या. ओळखीच्या घरी सराफही दागिने असेच द्यायचे. दुकानदार त्यासाठी वेगळी जांगडवही ठेवायचे. कायद्यालाही हा व्यवहार ठाऊक आहे. १९३०च्या माल विक्री कायद्याचं २४वं कलम याच्याबद्दलच आहे. तुम्ही पसंती कळवलीत, किंवा माल आपलाच असल्यासारखं वागलात, किंवा ठरलेली मुदत उलटली तरी नकार कळवला नाही, तर माल तुमचा झाला. मुदत ठरलेली नसेल तर वाजवी काळ धरायचा.

आता सगळं ऑनलाइन मागवतो आणि ऑनलाइनच परत करतो, त्यामुळे शब्द मागे पडला. पण एक वस्तू मात्र जांगडच आणावी असं माझं ठाम मत आहे. ती म्हणजे ऑडिओची केबल. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतची वायर, टीव्हीपासून साउंडबारपर्यंतची, गिटारपासून ॲम्पपर्यंतची, कुठलीही. मी तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, त्यामुळे समाजाच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी मुलगा गाठतोच: "काकू, महाग केबलनं खरंच आवाज सुधारतो का?" दोन वाक्यांत उत्तर दिलं की त्याचं समाधान होत नाही. दुकानदाराचं उत्तर जास्त गोड असतं. म्हणून या वेळचं सदर त्यासाठी.

दुकानात ऐकून काही कळत नाही, हे आधी सांगते. तिथल्या ऐकायच्या खोलीत जाड गालिचा असतो, भिंतींना पडदे असतात, आणि स्पीकर तुमच्या वर्षभराच्या पगाराचे असतात. तुमच्या घरी खाली टाइल्स, समोर काचेची सरकती खिडकी, वर पंखा. शिवाय केबल एकटी काहीच वाजवत नाही. तिच्या एका टोकाला तुमचा ॲम्प्लिफायर आहे आणि दुसऱ्या टोकाला तुमचा स्पीकर. या तिघांचं जमतंय का, हे त्या तिघांना एकत्र आणल्याशिवाय कळणार कसं? अमेरिकेत तर केबल उसन्या देणारी 'लायब्ररी' चालवणारे विक्रेते आहेत. केबल घरी पाठवतात, थोडं भाडं घेतात, आणि तुम्ही खरेदी केलीत की ते भाडं किमतीत वळतं करतात. आपल्याकडे अशी लायब्ररी नसली तरी तोंड उघडून विचारलं तर बरेच दुकानदार देतात. आपणच विचारत नाही.

आता थोडं गणित, पण अगदी थोडं. तांब्याची एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाडीची तार घेतली तर तिचा रोध साधारण ०.०१७ ओहम असतो. स्पीकर पाच मीटर लांब असेल तर वीज जाते पाच मीटर आणि परत येते पाच मीटर, म्हणजे दहा मीटर तार. घराच्या वायरिंगला वापरतात तसल्या दीड स्क्वेअर एमएमच्या तारेनं हे अंतर गाठलं तर रोध होतो ०.११ ओहम. स्पीकर आठ ओहमचा. ढोबळ नियम असा आहे की वायरचा रोध स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवायचा. आठ ओहमला ०.४, चार ओहमला ०.२. म्हणजे दीडची साधी तांब्याची तार दोन्हीकडे पास. उलट काही सेटबरोबर फुकट येणारी केसासारखी बारीक वायर असते, ती समजा ०.२ स्क्वेअर एमएमची असली तर त्याच अंतरात रोध ०.८६ ओहमवर जातो. हा फरक कानाला कळू शकतो, कारण स्पीकरचा रोध प्रत्येक सुराला सारखा नसतो. वायर बारीक असेल तर काही सूर जास्त दबतात, काही कमी.

एवढं झालं की साध्या घरातल्या स्पीकर केबलचं बरंचसं फिजिक्स संपतं. हे मी माझ्या भाच्यालाही सांगितलं होतं. तो म्हणाला, "आत्या, तुझं फिजिक्स पुस्तकातलं आहे. ऐकून बघितल्याशिवाय तू कसं म्हणतेस?" हा प्रश्न मला आवडला. फिजिक्सवाल्या माणसाला न आवडून कसं चालेल?

त्याची गोष्ट सविस्तर सांगते, कारण केबल घरी आणून बघणं म्हणजे नेमकं काय करायचं, ते मला तिथे नीट दाखवता येईल.

भाच्याला नोकरीतला पहिला बोनस मिळाला होता. त्यातून त्याला आप्पांसाठी काहीतरी घ्यायचं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील, वय शहाऐंशी. लोकमान्यनगरमधल्या घरी ते दादाकडे राहतात. संध्याकाळी दिवेलागणीनंतर दोन स्पीकरच्या बरोबर मधे आरामखुर्ची ओढून ते तासभर ऐकतात. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून पेनड्राइव्हवर घेतलेलं. हे वर्षानुवर्षं चालू होतं. मग दिवाळीनंतर त्यांनी ऐकणं हळूहळू कमी केलं. विचारलं की म्हणायचे, "शब्द कळत नाहीत. बाई पाण्याखालून गातेय असं वाटतं." थोड्या दिवसांनी पेनड्राइव्ह खणात गेला आणि त्यांनी त्या वेळेला टीव्हीवरच्या बातम्या लावायला सुरुवात केली. ज्या माणसानं बातम्यांना कधी पाच मिनिटं दिली नाहीत, तो माणूस.

घरात सगळ्यांनी एकच अर्थ काढला. आप्पांचे कान गेले. वहिनीनं कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. दादानं श्रवणयंत्राच्या किमती काढल्या. म्हातारं माणूस एखादी तक्रार करतं तेव्हा पहिला संशय त्या माणसावरच का जातो, हे मला कधी कळलेलं नाही. सेटवर कुणाचाच संशय गेला नाही, कारण बाकी सगळ्यांना तो नीट ऐकू येत होता. भाचा कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसून त्याची नवी गाणी लावायचा आणि त्याला सगळं झकास वाटायचं.

तरी सेटचं काहीतरी करावं असं वाटलं ते भाच्यालाच, हे मान्य करायला हवं. महाराणी रोडवरच्या एका दुकानात त्यानं विचारलं. तिथे त्याला सांगण्यात आलं की घरातली वायर साधी आहे, चांगली केबल घातली की आवाज 'खुलतो'. तीन-तीन मीटरची जोडी, किंमत अठरा हजार. बोनस जवळजवळ सगळाच. त्यानं मला फोन केला तो परवानगी मागायला नव्हे, उत्साह सांगायला. मी एवढंच म्हटलं, "घे ना, पण जांगड आण." शब्दाचा अर्थ समजावण्यात पाच मिनिटं गेली. मग त्यानं दुकानदाराला विचारलं. दुकानदार सहज म्हणाला, "ले जाइए भैया, सोमवार तक सुन लीजिए, नहीं जमे तो वापस." पाच हजार ठेव, एका चिठ्ठीवर केबलचं नाव, लांबी आणि परतीची तारीख. एवढंच.

शनिवारी संध्याकाळी मी मुद्दाम गेले. जुनी वायर काढायच्या आधी भाच्याला म्हटलं, दोन्ही स्पीकरच्या आणि ॲम्प्लिफायरच्या मागचा फोटो काढून ठेव. ही माझी प्रयोगशाळेतली सवय. काहीही सोडवण्याआधी ते कसं जोडलं होतं याची नोंद हवी. त्यानं काढला, पण आत्याची कटकट म्हणून.

नवी केबल लागली. आप्पांना आग्रह करून खुर्चीत बसवलं. हिराबाईंचं गाणं लावलं. अर्ध्या मिनिटात आप्पा खुर्चीत पुढे सरकले. "हां," म्हणाले, "आता बाई समोर बसलीय."

भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता. वहिनीनं डोळे पुसले. दादा म्हणाला, "अठरा हजार गेले तर जाऊ देत." आणि खरं सांगते, फरक मलाही ऐकू आला. भास नव्हता. आवाजाला अंग आलं होतं. आधी तो खोलीत कुठूनतरी पसरट येत होता, आता दोन स्पीकरच्या मधोमध एका जागी उभा होता.

बहुतेक लोकांची परीक्षा इथे संपते. नवी लावली, बरी वाटली, पैसे दिले. पण परीक्षेचा अर्धा भाग अजून बाकीच असतो. मी म्हटलं, "आता जुनी परत लाव."

"कशाला पण?" भाचा वैतागला. आप्पाही म्हणाले, "राहू दे ना, चांगलं चाललंय." पण लावली. भाच्यानं नीट बघून लावली, लालला लाल, काळ्याला काळी, नव्या केबलला लावली होती तशीच. तेच गाणं पहिल्यापासून सुरू केलं. आम्ही सगळे आप्पांकडे बघत होतो. ते डोळे मिटून ऐकत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "बदललीत का? मग लावा की."

जुनी वायर लागूनही बाई समोरच बसली होती.

मग फोटो उघडला. उजव्या स्पीकरला सगळं ठीक होतं. डाव्या स्पीकरला मात्र पांढऱ्या रेघेची तार, जी लाल खुंटीला हवी, ती काळ्या खुंटीला गेली होती. दिवाळीच्या आधी घराला रंग लावला तेव्हा सेट हलवला होता. परत कुणी जोडला हे कुणालाच आठवत नाही आणि आता आठवणारही नाही.

एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या की काय होतं ते समजून घ्या, कारण हे फार घरांत होतं आणि महिनोन्‌महिने कळत नाही. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे जातो. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो. दोन्हीकडून एकच आवाज येत असेल, तर बरोबर मधे बसलेल्या माणसाजवळ तो एकमेकांना खोडतो. खालचे सूर सगळ्यात जास्त खोडले जातात, कारण त्यांच्या लहरी लांब असतात. शंभर हर्ट्झची लहर जवळजवळ साडेतीन मीटरची असते. बारीक लहरींचं खोडणं अर्धवट होतं, म्हणून आवाज पातळ होतो आणि नेमका कुठून येतोय तेच कळत नाही.

आणि 'दोन्हीकडून एकच आवाज' हे कशात असतं? मोनो ध्वनिमुद्रणात. ७८च्या सगळ्या तबकड्या मोनो. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ साली झालेलं 'गीतरामायण' मोनो. आप्पांचा सगळा खजिनाच मोनो. भाच्याच्या नव्या गाण्यांत डावीकडे एक वाद्य, उजवीकडे दुसरं, त्यामुळे त्यांचं नुकसान कमी. शिवाय तो बसायचा बाजूच्या सोफ्यावर. म्हणजे घरात बरोबर मधे बसून मोनो ऐकणारा एकच माणूस होता, आणि त्या एकट्यालाच आवाज बिघडलेला ऐकू येत होता. त्यांचेच कान खराब ठरवले गेले.

आप्पा यावर काही बोलले नाहीत. "पेनड्राइव्ह खणातच आहे का बघा," एवढंच म्हणाले.

आता तुमच्या घरी हे तपासायचं असेल तर केबल उसनी आणायचीही गरज नाही. एखादं जुनं मोनो गाणं लावा, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे बसा. गाणारा मधोमध ऐकू आला पाहिजे. तो जर डोक्याभोवती सगळीकडून येतोय असं वाटलं तर ॲम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या तारा उलटा आणि परत ऐका. ज्या जोडणीत आवाज भरीव आणि मधे, ती बरोबर.

पण भाच्याचं समाधान झालं नव्हतं, आणि ते योग्यच होतं. तारा सरळ झाल्यावरही नवी केबल जुनीपेक्षा थोडी चांगली असेलच की! त्याला वाटत होतं, वरचे सूर जास्त स्वच्छ आहेत. मग रविवारी सकाळी पोहे-जिलेबी झाल्यावर आम्ही नीट परीक्षा घेतली. पद्धत सांगते, तुम्हालाही करता येईल.

भाचा खुर्चीत, डोळे मिटून. दादा सेटच्या मागे, हातात एक रुपयाचं नाणं आणि वही. छापा आला तर नवी केबल, काटा आला तर जुनी. प्रत्येक वेळी ॲम्प्लिफायर बंद करायचा, थोडं थांबायचं, मग वायर काढून लावायची. तीच केबल पुन्हा आली तरी काढून पुन्हा लावायची, नाहीतर खुडबुडीच्या आवाजावरून ओळखता येतं. आवाजाच्या खुंटीवर टेपचा तुकडा चिकटवला होता, तिला हात लावायचा नाही. कारण माणसाच्या कानाला किंचित मोठा आवाज हा चांगला आवाज वाटतो, आणि दुकानांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. गाण्याचा तोच तुकडा, एक मिनिट. भाचा म्हणणार 'नवी' किंवा 'जुनी', दादा वहीत दोन्ही लिहिणार. मी दुसऱ्या खोलीत. मला माहीत असलं तर माझ्या चेहऱ्यावरून कळेल म्हणून. ऐकणाऱ्याला माहीत नाही आणि समोरच्यालाही माहीत नाही, अशा चाचण्या आवाजाच्या अभ्यासात जुन्या आहेत. बेल लॅबोरेटरीजच्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० सालीच तशी पद्धत मांडली होती.

दहा फेऱ्यांना दीड तास लागला. दहापैकी सहा बरोबर.

"साठ टक्के!" भाचा म्हणाला. मी वहीत गणित करून दाखवलं. काहीही न ऐकता नुसतं नाणं उडवून बोललं तरी दहापैकी सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता अडतीस टक्के असते. नऊ किंवा जास्त बरोबर आले असते तर ती शक्यता एका टक्क्यावर येते, आणि तेव्हा मी मुकाट्यानं मान्य केलं असतं. त्यानं थोडा वेळ वहीकडे बघितलं आणि म्हणाला, "पण मला खरंच वेगळी वाटत होती, आत्या. कालपासून." वाटत असणारच. किंमत माहीत असली की कान तिच्याकडे झुकतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, सगळ्यांचेच झुकतात. त्यातून आवाजाची बारीक आठवण काही सेकंदच टिकते आणि वायर बदलायला लागतात दोन मिनिटं. मधली जागा मन भरून काढतं.

२००७ साली जेम्स रँडी या अमेरिकन जादूगारानं तर जाहीर केलं होतं की ७,२५० डॉलरची स्पीकर केबल साध्या केबलपेक्षा चांगली आहे हे नियंत्रित चाचणीत ऐकून सिद्ध केलंत तर दहा लाख डॉलर देतो. वाद भरपूर झाला, चाचणी झालीच नाही.

याचा अर्थ सगळ्या केबल सारख्या, असं समजून कुठलीही उचलू नका. काही ठिकाणी फरक पडतो आणि तो मोजता येतो. बारीक आणि लांब स्पीकर वायरचं वर सांगितलंच. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून विकतात. तिचा रोध दीडपटीच्या आसपास जास्त असतो आणि वाकवून वाकवून ती लवकर तुटते. एक तार ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर समजा. (बाहेरून पांढरी आणि आत लाल असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, ते चालतं.) टोकं हिरवी पडली असतील तर तेवढा तुकडा कापून नवीन सोला. पुष्कळदा नवी केबल चांगली वाजते ती नवी आहे म्हणून नाही, तर ती लावताना आपण सगळे सांधे साफ करून घट्ट केलेले असतात म्हणून.

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांसाठी मात्र केबलची लांबी ही खरीखुरी गोष्ट आहे. साध्या पिकअपमधून येणाऱ्या आवाजाचे वरचे सूर लांब केबल गिळते. तीन मीटरची आणि दहा मीटरची आलटून पालटून लावून बघा, डोळे मिटूनही ओळखाल. मित्राकडून एक दिवसासाठी आणा, विकत घ्यायची घाई नको. टीव्हीच्या एचडीएमआय केबलचा प्रकार निराळा. ती जमत नसेल तर पडद्यावर ठिपके चमकतात किंवा चित्रच जातं. ती जमत असेल तर दहापट महाग केबल चित्राचे रंग आणखी 'गडद' करू शकत नाही, विक्रेता काहीही म्हणो.

आणि घुंऽऽऽ असा आवाज. तो बहुतेक वेळा विजेचा पन्नास हर्ट्झ असतो, किंवा त्याचा दुप्पट. टीव्ही एका प्लगवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या खोलीच्या प्लगवर, असं असलं की तो येतो. दोन्ही एकाच बोर्डावर आणा, पुष्कळदा थांबतो. तो घालवण्यासाठी कुणी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगितलं तर त्याला घराबाहेर काढा. ती पिन आवाजासाठी नाही, जिवासाठी आहे. गणेशोत्सवात हॉलवर सारखा हा घुंऽऽऽ ऐकू येतो. तिथे लांबच्या माइकला तीन पिनांची बॅलन्स्ड केबलच हवी, कारण ती वाटेत शिरलेला खरखराट दुसऱ्या टोकाला वजा करून टाकते.

सोमवारी भाचा केबल परत करायला गेला. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, जशी आणली तशीच गुंडाळून, खोक्यात, टोपणं लावून. दुसरी, मुदतीच्या दिवशीच, एक दिवसही उशीर नको. दुकानदारानं अठरा हजारांचा माल पाच हजारांवर, फक्त चेहरा बघून दिला होता. त्यानं काय सापडलं ते दुकानदाराला खरं खरं सांगितलं. दुकानदार हसला, ठेव परत दिली आणि म्हणाला, "चलो, दादाजी का गाना तो चालू हुआ." भाच्यानं त्याच्याकडूनच बनाना प्लगच्या चार जोड्या आणि तांब्याची दहा मीटर वायर घेतली. घरच्या वायरची टोकं तशीही काळवंडली होती. ऑनलाइन दीडशे रुपये स्वस्त मिळालं असतं, हे त्यानं मला सांगितलं. मी काही बोलले नाही, पण मला बरं वाटलं. एकाच्या दुकानात ऐकायचं, त्याची वस्तू घरी आणून वापरायची, आणि घ्यायची वेळ आली की फोनवर स्वस्त शोधायचं, हे मला पटत नाही. असंच चाललं तर पुढच्या गिऱ्हाइकाला तो काही देणार नाही, आणि त्याचं चुकणारही नाही.

आप्पांच्या कानांची तपासणी नंतर झालीच, वेळ घेतली होती म्हणून. वयाप्रमाणे वरचे सूर कमी झालेत, डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलंय. श्रवणयंत्राचं तेव्हा बघू. संध्याकाळच्या बातम्या बंद आहेत.

भाच्याच्या डोक्यात यातून एक कल्पना आली आणि समाजाच्या वाचनालयात ती सुरूही झाली. पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक पेटी ठेवलीय. सध्या तिच्यात दीड आणि अडीच स्क्वेअर एमएमच्या पाच-पाच मीटर स्पीकर वायर, एक लांब आणि एक आखूड एचडीएमआय, दोन लाल-पांढऱ्या आरसीए, एक गिटारची आणि एक माइकची केबल आहे. प्रत्येकीवर लांबी आणि जाडी लिहिलेली चिठ्ठी आहे. सभासदांना एका आठवड्यासाठी घरी नेता येते. वहीत नाव, तारीख आणि कशाला नेली ते लिहायचं. परत करताना काय फरक पडला, पडला नाही, तेही एका ओळीत लिहायचं. ती ओळ सगळ्यात महत्त्वाची, पुढच्याला वाचायला मिळते. घरात खणात पडलेल्या चांगल्या केबल असतील तर आणून द्या. ऑप्टिकल केबल अजून एकही नाही आणि तिची तिघांनी चौकशी केलीय. फक्त तुटक्या, टेप गुंडाळलेल्या आणू नका, त्या माझ्याकडेच दोन पिशव्या भरून आहेत.